गोषवारे काकांची एक ओळ

गोषवारे काकांना कोणी दोन वाक्यांत उत्तर दिलं, तर त्यातलं एक ते परत करायचे. "हे ठेव तुझ्याकडे. फालतू आहे." आडनाव त्यांचं वेगळंच होतं. पण कचेरीत आलेल्या इंग्रजी कागदाचा गोषवारा समासात एका ओळीत लिहायचा, हे त्यांचं दरबारच्या काळापासूनचं काम, म्हणून ग्वाल्हेरच्या दौलतगंजात सगळे त्यांना गोषवारेच म्हणत. दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, काकांची ओळ चालूच राहिली.

मी त्यांच्याकडे गेले ती आपटी खाऊन. बी.ए.नंतर पुढे शिकायला बाहेरगावच्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली होती. गणितानं तारलं, इंग्रजीनं बुडवलं. वडील म्हणाले, "अजून एकदा बस. नाही जमलं तर आम्ही स्थळं पाहायला मोकळे." घाबरून मी इंग्रजी शब्दकोश पाठ करायला घेतला. काकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि उशाला चांगला आहे म्हणाले.

सकाळी कचेरीला निघण्याआधी ते वर्तमानपत्रातला इंग्रजी अग्रलेख माझ्यापुढे टाकत. वाचायचा, झाकायचा, एका ओळीत सांगायचा. अडलेला शब्द मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताडायचा. कोश सगळ्यात शेवटी. मी हुशारी करून मध्येच स्वतःचं मत घुसडत असे. "तुला कोणी विचारलं?" काका म्हणायचे. "कागद काय म्हणतो ते सांग. त्यात नाही ते लिहिलं की साहेब फसतो आणि बाबू मरतो." परीक्षेत माझं नेमकं हेच चुकत होतं. प्रश्न उताऱ्यावर असे आणि मी उत्तर मनातून देई.

त्याच वर्षी राज्यांची फेरमांडणी झाली आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कोणाला नेणार, कोणाला घरी बसवणार, याच्या याद्या होऊ लागल्या. काकांच्या नोकरीची पाच वर्षं उरली होती. काकूंनी ट्रंका भरूनही ठेवल्या. विषय निघाला की काका म्हणत, "कागद येऊ दे. पहिले वाचू, मग घाबरू."

माझ्या परीक्षेच्या आठवडाभर आधी कागद आला. त्या सकाळी अग्रलेखाच्या जागी काकांनी तोच माझ्यापुढे ठेवला. "कर."

दोन पानं होती, लांबलचक इंग्रजीत. मी दोनदा वाचली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेवटी मी म्हणाले, "नव्या व्यवस्थेत जागा नसल्यामुळे काकांना खेदपूर्वक मुदतीआधी निवृत्त करण्यात येत आहे."

"खेद कुठल्या ओळीत आहे?"

मी पुन्हा पाहिलं. "नाहीये."

"मग काढ."

मी काढला. "आता बरोबर," असं म्हणून त्यांनी काकूंना ट्रंका रिकाम्या करायला सांगितलं. मग अग्रलेख माझ्यापुढे टाकला. मला त्यांचा फार राग आला होता.

परीक्षेत इंग्रजीनं तारलं. मी ग्वाल्हेर सोडलं. दोन वर्षांनी वडिलांचं चार पानी पत्र आलं. धाकटीचं लग्न, घराची डागडुजी, आणि शेवटच्या पानावर, काका गेल्याचं. हाताला सवय होती. मी समासात लिहिलं, 'गोषवारे काका गेले.' मग त्यापुढे लिहिलं, 'खेद आहे.'

पत्रात तो कुठल्याच ओळीत नव्हता. काकांनी परतच केला असता. मी तो माझ्याकडे ठेवला आहे.