चौथ्या भागातली कडी

भूतबीत या विषयात मी अगदी कोरा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सगळी नोकरी ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेली. ट्रकमधून उतरलेला नग स्वतःच्या डोळ्यांनी मोजल्याशिवाय मी सही करत नसे — मालक डोक्यावर उभा असला तरी नाही. अशा माणसाने आयुष्यात एकदाच न बघता सही केली, आणि नेमकं तेव्हाच... असो, क्रमाने सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला लागून वाडी आहे, तिथे अमरावती रोडवर गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक लाइन होती. तिच्यातल्या शेवटच्या दोन खोल्यांत माझा मित्र दिलीप आणि त्याची आई राहत. तिला मी काकू म्हणायचो. दिलीप आणि मी एकाच गोदामात कामाला. तो नग मोजून ओरडायचा, मी कागदावर लिहायचो — आले किती, फुटले किती, शिल्लक किती — आणि खाली दोघांची सही. दोन सह्या झाल्या की तो कागद ब्रह्मवाक्य.

आम्हा दोघांना व्यसन एकच, 'वेल्डर'. खरं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही आपलं वेल्डर म्हणायचो. वेल्डिंगचा मास्क घातलेला एक माणूस दर भागात पाच-सहा तरण्या पोरापोरींना गाठून मारतो, बहुधा शेवटी स्वतःही मरतो आणि पुढच्या भागात ताजातवाना परत येतो. असे सहा भाग व्हिडिओ लायब्ररीत होते आणि सगळे आम्हाला पाठ होते.

भांडण झालं ते चौथ्या भागावरून. त्यात डोंगरावरच्या लाकडी घरात सहा जण असतात आणि सहाही मरतात. शेवटची ती पिवळ्या स्वेटरवाली. सिनेमाभर सगळ्यांत हुशार तीच. शेवटी धावत स्वयंपाकघरात येते, मागचं दार लोटून घेते, टॉर्च घ्यायला टेबलाकडे जाते... आणि कडी लावायची विसरते. झालं, वेल्डर आत.

दिलीपच्या मते हा भाग पहिल्या नंबरचा, कारण घाबरलेला माणूस असाच चुकतो. माझ्या मते शेवटच्या नंबरचा, कारण एवढी हुशार पोरगी कडी विसरते हा निव्वळ दिग्दर्शकाचा आळस. होळीच्या दुसऱ्या दिवशी गोदामात हा वाद पेटला आणि सगळ्या हमालांसमोर मी बोलून गेलो, "तुले तर पटणारच. तूही गोदामाची मागची कडी विसरतं न!"

आता, एकदा तो खरंच विसरला होता. मालकाने त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. आमच्यात त्या गोष्टीचं कोणी नाव काढत नसे, आणि मी काढलं. त्या दिवसापासून दिलीप नग मोजून भिंतीकडे बघत ओरडायचा आणि मी लिहायचो. दोन महिने असं चाललं. माफी मागावीशी रोज वाटायची, पण जीभ उचलत नव्हती. लाजही वाटायची आणि रागही यायचा, दोन्ही स्वतःचाच.

मे महिन्यात त्याची बदली रायपूरला झाली. सोमवारी निघायचं होतं. काकू वाडीतच राहणार होत्या.

शनिवारी सकाळी काकू माझ्या दारात. "दिल्यानं तो व्हीसीआर आणला गा दोन दिवसांसाठी. साही पिक्चर आणले. एकट्यानं काय पाहाचे? चाल."

"काकू, तो माझ्याशी बोलत नाही."

"मंग मी बोलून राहिली न तुझ्याशी. तो सोमवारी जाईन. तवापर्यंत तुमचं हे मिटलं नाही, तर तू काय माह्या घरी पाय ठेवशीन? अन् मले रात्री-बेरात्री काही झालं, तर मी कोनाले हाक मारू?"

गेलो.

मेची दुपार, बाहेर आग. कूलरमध्ये वाळ्याची नवी खस, खिडकीला चादर, मधे भाड्याचा कलर टीव्ही. दिलीप एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या, आणि बरोबर मधे काकू... चिंचेचा ढीग, पाटा आणि हातोडी घेऊन. चिंचोके काढायचे होते. पडद्यावर कोणी मेलं की इकडे ठक्‌. नंबर लावायचे म्हणून मी गोदामाचे सहा कोरे कागद आणले होते. दर भागाला एक कागद, आले-फुटले-शिल्लक, गुण, सह्या. बोलणं सगळं काकूंमार्फत.

"काकू, त्याला विचारा, दुसऱ्या भागाला सात द्यायचे का?"

"दिल्या, सात देतं का?"

"आई, त्याले सांग, साडेसहा."

"साडेसहा म्हनते. अन् मले सांगा गा, त्या माणसाले त्या काळ्या काचेतून दिसते तरी काय? आपला चौकातला वेल्डिंगवाला तं काच वर केल्याबिगर चहाचा कपही उचलत नाही."

इतक्या वर्षांच्या माझ्या वेल्डर-भक्तीत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरं सांगतो, तिथेच सगळ्या भागांचा एकेक गुण कमी व्हायला हवा होता.

रविवारी दुपारपर्यंत पाच भाग उरकले. चौथा मुद्दाम मागे ठेवला होता, वादाचा माल शेवटी उतरवायचा ही गोदामाची पद्धत. साडेतीन वाजले. साडेपाचला व्हीसीआर परत द्यायचा, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कॅसेट रिवाइंड होत होती तोवर वेळ वाचवायला मी चौथ्याचा कागद भरून टाकला. आले सहा, फुटले सहा, शिल्लक शून्य. गुणांची जागा रिकामी. बघितलेलाच माल, त्यात काय मोजायचं? सही केली. काकूंनी कागद दिलीपला दिला, त्यानेही केली.

सिनेमा सुरू झाला. एक, दोन, तीन, चार, पाच... बरोबर ठरल्याप्रमाणे. मग पिवळा स्वेटर धावत स्वयंपाकघरात आला. दार ढकललं. टेबलाकडे वळली. टॉर्च उचलला.

काकूंची हातोडी थांबली.

"अवं पोरी! मागं पाह्य न वं! कडी लाव, कडी!"

पोरीने टॉर्च खाली ठेवला. वळली. दारापाशी गेली. आणि कडी सरकवली.

बाहेरून वेल्डरने दार ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग रेशनचं दुकान बंद सापडल्यावर माणूस उभा राहतो तसा जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. उजाडलं. पोरीने नळाखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायली.

"पी बापा," काकू म्हणाल्या, "केव्हाची धावून राहिली." आणि ठक्‌... पुढची चिंच.

मी दिलीपकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता.

"दिल्या... हे होतं का गा?"

"नव्हतं गा," तो म्हणाला. "आईशपथ नव्हतं."

दोन महिन्यांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते हे.

कॅसेट थोडी मागे घेऊन बाहेर काढली. तीच होती, लेबलवर दिलीपच्याच चहाचा जुना डाग. तोच सीन पुन्हा लावला. काकू पुन्हा ओरडल्या, पोरीने पुन्हा कडी लावली. तिसऱ्यांदाही तेच. आम्ही घामाघूम आणि काकूंना आमचंच नवल.

"सांगितलं तं लावली. त्यात काय एवढं? थे परक्या मुलखातली पोरगी, मराठी येत नाही, तरी ऐकते. अन् तुमी दोघं? होळीपासून सांगून राहिली मी."

दिलीप हसायला लागला. मग मीही. हसता हसता मी म्हणालो, "दिल्या, त्या दिवशी मी कडीचं बोललो ते चुकलंच माझं." तो म्हणाला, "जाऊ दे न गा. विसरलो तं होतोच मी." एवढंच. डोळे पुसायला लागले ते चिंचेच्या धुळीने, असं दोघांनीही सांगितलं.

कागदाची मात्र पंचाईत झाली. माल कमी आला तर त्याचा फॉर्म असतो, फुटला तर असतो. एक नग जादा निघाला तर काय करायचं, हे गोदामात कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी फुटलेले सहा खोडून पाच केले, शून्य खोडून 'शिल्लक एक' लिहिलं, गुण दहापैकी दहा, आणि खोडलं तिथे काकूंची सही घेतली. चौथा भाग पहिला आला.

दिलीप सोमवारी गेला. आठवड्याने मी तीच कॅसेट आणून एकट्याने पाहिली. पोरीने कडी लावली नाही. मी ओरडलो, हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीतही सांगून पाहिलं. मेली. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुयं कोन ऐकते?"

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी हाक मारली की मी जात राहिलो, शेवटपर्यंत. मागच्या उन्हाळ्यात दिलीप रायपूरहून आला, तेव्हा त्याच्या मुलाने कॉम्प्युटरवर चौथा भाग लावून दिला. स्वच्छ प्रिंट. पिवळा स्वेटर आत आला, दार ढकललं, आणि आम्ही दोन म्हातारे एकदम ओरडलो, "कडी लाव वं!"

तिने टॉर्च उचलला. वेल्डर आत आला.

मग दिलीप म्हणाला, "आई असती तं लावली असती."

तेव्हा काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहा. दिलीप आला होता त्या दिवशी मी एवढंच केलं — घरातून कोरा कागद आणला. आले सहा, फुटले पाच, शिल्लक एक. आणि समोर पडद्यावर ती मेलेली दिसत असताना आम्ही दोघांनी त्याखाली सह्या केल्या.