बिब्ब्याच्या देवी

माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते माझ्या नोकरीने बिघडवलं. एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी रत्नागिरी तालुक्यात लहान मुलांना देवीची लस टोचत हिंडत असे. सरकारी कागदावर हुद्दा लांबलचक होता. गावात मला 'देव्या' म्हणत. "देव्या आला रे!" अशी आरोळी उठली की पाच मिनिटांत अख्खं गाव निपुत्रिक व्हायचं.

मुलं भाताच्या कणगीमागे जायची, गोठ्यात जायची. पूर्णगडाकडे तर होडीत जायची. भर उन्हात बाया पोरांना होडीत घालून खाडीत लोटत आणि मी वरच्या कातळी सड्यावर चढून दिसेनासा होईपर्यंत परत येत नसत. पाण्याची भीती नाही, वाऱ्याची नाही, भीती माझ्या बोटभर टोचणीची! आणि हे करणाऱ्या बाईचं स्वतःचं तोंड देवीच्या व्रणांनी चाळण झालेलं असायचं. विचारलं तर म्हणणार, "आमाला देवी येऊन गेली, आमचा काय वाकडा झाला?" तिच्या पाठच्या भावंडांचं काय झालं, ते विचारायची सोय नव्हती.

त्यात आमचा शब्दच घात करणारा. टोचण्याला 'देवी काढणं' म्हणत. मी दारात उभा राहून "देवी काढायला आलोय" म्हटलं की म्हातारी कानांवर हात ठेवायची. "तिला काढनारा तू कोन? कोपली मंजे काय करशील?" मी समजावून दमलो. अडाण्याला समजावता येतं, पण ज्याला समजायचंच नाही त्याच्यापुढे गीता वाचून काय होणार? कुणी टोचून घेतलंच, तर मी अंगणाबाहेर पडायच्या आत पोराचा दंड चुन्याने घासून काढलेला असे. आठव्या दिवशी तपासायला गेलो की कोरा दंड पुढे करून वर मलाच सुनावत, "तुजी लसच शिळी!"

तरी त्यांचा राग मला एका मर्यादेपर्यंतच येई. खरी किळस आली ती शहाण्यांची.

पूर्णगडाच्या अलीकडे एका गावात एक खोत होते. चार इंग्रजी बुकं शिकलेले, मामलेदाराच्या मांडीला मांडी लावून बसणारे. मी येणार म्हणून त्यांनी सगळी वाडी अंगणात गोळा केली आणि पाऊण तास भाषण ठोकलं. लस म्हणजे विज्ञान, अंधश्रद्धा सोडा, सर्वांआधी माझी नात टोचून घेईल. लोक माना डोलावत होते. खोतांपुढे माना डोलावण्याखेरीज लोकांना दुसरं काय येतं? मला त्यांनी ओटीवर बसवलं, फणसपोळी पुढे ठेवली आणि चारचौघांत 'डॉक्टर' म्हणाले. मी चार दिवस पुरेल एवढा फुगलो.

नात दहा महिन्यांची होती. "आत टोचा, बाहेर धूळ फार," असं म्हणून मला माजघरात नेलं. मी दोन्ही दंडांवर टोचलं. हात धुवायला मागच्या पडवीत गेलो, तर आतून खोतीणबाईंचा आवाज आला. "वासराच्या फोडातली घाण ती. हिचे दंड आधी पुसून काढा." मी ऐकलं. बाहेर येऊन वाडीतली बाकीची पोरं टोचली आणि त्यांच्या आयांना दम भरला की खबरदार, पुसाल तर!

आठव्या दिवशी तपासणीला गेलो. लस लागली की दंडावर मोत्यासारखा, मधोमध खळगी पडलेला फोड येतो. वाडीतल्या पोरांना तसे सुरेख फोड आले होते. खोतांची सून नातीला घेऊन बाहेर आली. तिने पोरीचे दंड दाखवले आणि मान खाली घातली. दंडांवर काळपट, चरत गेलेले, चिघळलेले डाग होते. पोर खाजवून खाजवून रडत होती. परीट ज्याने कपड्यांवर खुणा घालतो, त्या बिब्ब्याचं तेल लावलं होतं. घरात वासराची लस चालत नाही आणि बाहेर भाषण खोटं पडायला नको, म्हणून दहा महिन्यांच्या पोरीला भाजून देवी काढल्या होत्या! शाबास ते विज्ञान.

खोत माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "छान फुलल्यात ना, डॉक्टर? मी साहेबांना तुमच्या कामाबद्दल लिहिणार आहे." मी पोरीकडे पाहिलं. पुन्हा टोचायला माझ्याकडे लस होती, वेळ होता, तोंडही होतं. मी लस लागल्याच्या दाखल्यावर 'देवी फुलल्या' असं लिहिलं आणि खाली सही केली. सून एकदा वर पाहून आत गेली. त्या घरात पोरीसाठी भांडू शकणारा मी एकटाच होतो आणि मी साहेबाला जाणाऱ्या पत्रावर विकला गेलो.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास त्या किनाऱ्याला देवीची साथ आली. मी भाट्याच्या खाडीवर तरीच्या होडीतून उतरून भराभर चालत गेलो. या खेपेस होडीत कुणी पळालं नाही. भीतीने सगळ्या बाया वर्षभरात झालेली तान्ही घेऊन आपणहून खोतांच्या अंगणात आल्या होत्या. गेल्या वर्षी टोचलेली पोरं त्यांच्या भोवती धडधाकट पळत होती. एकालाही देवी आली नव्हती. मी टोचणी काढली.

तेवढ्यात खोत नातीला कडेवर घेऊन बाहेर आले. पोरीचं तोंड व्रणांनी भरलं होतं आणि दोन्ही डोळे गेले होते. खोतांनी दाखला माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सही तुमचीच ना? मग हे काय झालं?" त्यांचा आवाज कापत होता. तो माणूस खोटं बोलत होता आणि खरोखर रडत होता, दोन्ही एकाच वेळी. माझ्याने त्यांचा धड तिरस्कारही करवेना.

मी एकदाचं सांगितलं. म्हणालो, "ती लस नव्हे. पुसून टाकली होती. तो बिब्ब्याचा डाग होता." पळणाऱ्या पोरांकडे बोट दाखवलं. "ही बघा, ह्यांना खरंच टोचलंय. ह्यांना काही झालं?" पोरांकडे कुणी पाहिलं नाही. सगळे खोतांच्या नातीकडे पाहत होते.

अगदी पुढे मासेमारांच्या घरातली एक खारवीण उभी होती. दोन-तीन महिन्यांचा मुलगा छातीशी धरलेला. तिने त्याचा दंड माझ्यासाठी आधीच उघडा करून ठेवला होता. ती म्हणाली, "बिब्बा व्हता ता तुला कळला?"

"कळलं."

"मंग सई कशी केलीस?"

ती भांडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मुलाचा दंड पदराने झाकला आणि म्हणाली, "तुजा खरा कुटला नि खोटा कुटला, आमी कसा वळखायचा?" ती निघाली तशा बाकीच्याही निघाल्या. मी मागून हाका मारल्या, दोघींच्या पायाही पडलो. त्या दिवशी त्या अंगणात मी एकाही मुलाला टोचलं नाही.

महिन्याभराने साथीचा तक्ता माझ्याच हातून वर गेला. मेलेल्यांत त्या खारविणीचा मुलगा होता. त्याचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, म्हणून आईचं नाव घालून पुढे 'मुलगा' लिहिलं. खाली सही केली. ती मात्र खरी होती.