सुट्टीच्या दिवशी काढलेली फळी

माझा धाकटा भाऊ सलून चालवतो. माणसाचं नाव विसरेल, पण डोकं विसरणार नाही. रस्त्यात कुणी भेटलं की तो आधी केसांकडे बघतो, मग तोंडाकडे. एकदा आमच्याच आत्याच्या नवऱ्याला त्यानं पाठमोरं ओळखून हाक मारली, आणि ते वळल्यावर विचारलं, "आपण कोण?"

सलून आठवड्यातून एक दिवस बंद असतं. घरच्यांचे केस कापायचे ते त्याच दिवशी, हा त्याचा शिरस्ता. त्यात पहिला मान त्याच्या थोरल्या लेकीचा. शटर अर्ध्यावर ठेवायचं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर लहान मुलांसाठीची फळी आडवी टाकायची, की बाईसाहेब वर चढून बसायच्या. अंगावर कापड आलं की पहिला प्रश्न, "काय शेठ, धंदा कसा आहे?" भाऊ तोंड पाडून म्हणायचा, "मंदी आहे हो." "असू दे. नीट काप, मला वाकडं चालत नाही." सहा वर्षांची पोर, पण जीभ माझ्यावर गेलेली. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

ती तापानं गेली. बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. तिची धाकटी बहीण तेव्हा रांगत होती.

भावानं फळी कापडात गुंडाळून कपाटावर टाकली. कुणी लहान मूल घेऊन आलं की सांगायचा, "फळी मोडलीये, सुताराकडे दिलीये." तीन वर्षं एक फळी सुताराकडे! लोक समजून घ्यायचे आणि पुढच्या गल्लीत जायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र तो सकाळीच सलूनमध्ये जाऊन बसायचा. कात्र्यांना तेल द्यायचा, पुसलेले आरसे पुन्हा पुसायचा. मी डबा घेऊन गेले की म्हणायचा, "ताई, आज ती असती तर फळी लागलीच नसती तिला." मी त्याच्या शेजारी बाकावर बसून रडून घ्यायचे आणि रिकामा डबा घेऊन परत यायचे.

हे सगळं मी समजू शकत होते. मला राग यायचा तो धाकटीपायी. चार वर्षांची झाली तरी तिच्या केसांना कात्री लागली नव्हती. केस डोळ्यांवर, कानांवर, पाठीवर. भावजय पिना लावून लावून थकली. शेजारीपाजारी हसायचे, "बापाचं सलून आणि पोरीच्या डोक्यावर जंगल." भावाचं एकच पालुपद, "पुढच्या सुट्टीला बघू." तो तिला खाऊ आणायचा, झोपाळ्यावर न्यायचा, पण डोक्यावरून हात फिरवताना मी त्याला कधी पाहिलं नाही. एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाला, "केस उचलले की तीच मान दिसेल, ताई. माझ्यानं नाही व्हायचं."

परवाच्या सुट्टीला मी त्यांच्या घरी गेले, तर धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली आणि भावजयीच्या हातात कात्री. पोरीच्या कपाळावर एका बाजूला दोन बोटं केस, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही.

"दिसत नव्हतं तिला," भावजय म्हणाली. "सकाळी दारावर आपटली."

पोरीच्या भुवईवर टेंगूळ आलं होतं. माझी भावजय पडद्याचं कापड नुसत्या नजरेनं सरळ कापणारी बाई. इतकं वाकडं तिच्या हातून चुकून झालं, यावर माझा विश्वास नाही.

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आम्ही तिघी सलूनवर गेलो. अर्ध्या शटरखालून वाकून भावजय आत शिरली आणि पोरीला त्याच्यापुढे उभं केलं. "मला एवढंच येतं. पुढचं काम तुमचं."

भाऊ कपाळाकडे बघत राहिला. धंद्यातला माणूस, असली कात्री त्याला बघवेना. "हे काय केलंस गं," एवढंच म्हणाला. मग स्टूल ओढून फळी खाली काढली, कापड सोडलं, दोनदा पुसली आणि खुर्चीवर टाकली. पोर वर बसून पाय हलवायला लागली. "काय शेठ" वगैरे तिला काही ठाऊक नव्हतं.

"बाबा, दुखणार?"

"नाही," तो म्हणाला.

केसांवर पाणी मारून त्यानं मागून कंगवा फिरवला आणि थांबला. मला वाटलं, आता हा कात्री ठेवणार. भावजयीनं माझा दंड घट्ट धरला. त्यानं बोटांनी केस बाजूला केले, पुन्हा केले, वाकून बघितलं.

"हिचा भोवरा डावीकडे आहे," तो म्हणाला. "तिचा उजवीकडे होता."

"जन्मापासून डावीकडेच आहे," भावजय म्हणाली.

"मला माहीतच नव्हतं."

अख्ख्या गल्लीची डोकी पाठ असलेला माझा भाऊ रडायला लागला. पोर मागे वळून बघायला गेली, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि हळूच सरळ केलं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "वाकडं होईल."