बकरी पेरली

राग आला की माझी वाचा बसते, वर्गातही आणि घरातही. त्यामुळे हे मी कसं केलं याचं मला अजून नवल वाटतं. पश्चात्ताप मात्र होत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अभ्यासासाठी घेतलेल्या फोनवर मी गाव वसवण्याचा एक ऑनलाइन गेम खेळायला लागले. वर्गातल्या वीस जणांचा आमचा गट झाला. गटाला झेंडा लागतो, तो चौकोन रंगवून आपणच काढायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझे वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफपेपरवर नक्षी काढतात. त्यांच्याच कागदावर मी मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा पाला खाणारी बकरी काढली. वडिलांनी चष्मा लावून पाहिली. "पुढचा पाय हवेत लोंबतोय. फांदीला टेकव." मग स्वतःच दोन दिवस खोडरबर घेऊन बसले. ती बकरी दोन वर्षं आमच्या वीसही गावांवर फडकली.

मग गेम अपडेट झाला. झेंडे काढायची सोय बंद झाली, आमचे झेंडे कोरे पडले आणि गेमच्या दुकानात 'खास झेंडे' आले. कॅन्टीनमध्ये मैत्रिणीनं फोन माझ्यापुढे धरला.

"अगे, ये तेरीच बकरी है की! साठ हिरे बोल रहे!"

हिरे म्हणजे खरे पैसे भरून घ्यायचे. माझीच बकरी, मलाच विकत. मी शब्दकोश घेऊन इंग्रजीत तक्रार लिहिली, तीनदा तपासली. मिनिटभरात उत्तर आलं: खेळात काढलेलं सगळं कंपनीचं, हे तुम्ही सुरुवातीलाच मान्य केलं आहे, गैरसोयीबद्दल पाच हिरे भेट.

त्या भेटीनं माझं डोकं फिरलं.

"नक्षी ज्याच्या मागावर चढली त्याची," वडील आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाले. "माझ्या काय कमी गेल्या? सोड."

मला बोलता येईना. मी नुसता फोन पुढे केला. त्यांनी चित्र मोठं केलं.

"पाय कुठाय हिचा?"

झेंडा लहान करताना कंपनीनं कडेचे चौकोन कापले होते. फांदीला टेकलेला पाय गुडघ्यापासून गायब.

"घेतली तर घेतली, वर लंगडी करून विकतात?" वडिलांचा आवाज चढला. "काय करता येईल सांग."

गेममध्ये ज्वारीचं बियाणं फुकट होतं. पीक काढलं नाही तर ते करपून काळं पडायचं, आणि ते फक्त त्या गावच्या मालकालाच साफ करता यायचं. आम्ही बकरी जमिनीवर पेरायची ठरवली, गावभर, नकाशावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल एवढी. पण जागेसाठी आधी गाव पाडावं लागणार होतं.

"येडी झालीस काय? दोन वर्षं घातलीत यात," गटातला एकजण म्हणाला. मी सगळ्यांसमोर माझा बाजार पाडला. मग विहिरी, मग घरं. हळूहळू बाकीच्यांनीही पाडायला घेतलं.

सुट्टीच्या दुपारी सगळे कॉलवर आले. वडील कागद धरून कारखान्यातल्यासारखे ओळी सांगत होते. "सतरावी ओळ. नऊ सोडा, चार भरा." अक्कलकोटच्या मित्रानं पेरायला आतेभावाला बसवलं होतं, त्याला तो मागून तेच कन्नडमध्ये सांगत होता, "ओंबत्तु बिडु, नाल्कु तुंबु."

"काका, जरा हळू! माझी बकरी गाढव व्हायला लागलीय!"

"मग कानाचे दोन चौकोन खोड की!"

पायाची ओळ आली तेव्हा वडिलांनी ती दोनदा वाचली आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतली.

संध्याकाळी वीस बकऱ्या उभ्या झाल्या. पीक पिकायच्या आत आम्ही सगळ्यांनी गेम फोनवरून काढून टाकला.

दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा अजून तो गेम खेळतो. लायब्ररीत भेटला की मी विचारते.

"आहेत गं बाई, वीसच्या वीस. करपून कोळसा झाल्यात. तिकडं नवीन कुणी गाव वसवत नाही आता, मेलेल्या बकऱ्यांचा माळ म्हणतात. खूश?"

मी मान डोलावते. कंपनीचं किती नुकसान झालं, मला माहीत नाही. खूप व्हावं, एवढीच इच्छा आहे.