उत्तर न दिलेले प्रश्न

नांदुऱ्यात माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं आणि त्याच्या जोडीला मी कपाशीविषयीची एक वेबसाइट चालवत होतो. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ही साइट इतकी वर्षं राहत होती, त्या कंपनीनं एक दिवस गोड भाषेत कळवलं की महिनाअखेरीस ही सेवा बंद होत आहे, आपण आपला डेटा घेऊन जावा. गोड भाषेचा मला लहानपणापासून राग आहे. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसलो, मग दुसरी होस्टिंग कंपनी शोधली आणि बांधाबांध सुरू केली.

साइट साधीच होती. बीटी कपाशी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बोंडअळीचा विषय संपला. पुढे काही वर्षांनी बोंड फोडलं की आत गुलाबी अळी दिसायला लागली. पण आपल्या वावरात अळी पडली, हे आमच्याकडे चारचौघांत कुणी कबूल करत नाही. म्हणून मी सोय केली होती. फोन करा, नाव सांगू नका, फक्त गाव सांगा आणि काय विचारायचं ते विचारा. मी तो आवाज रेकॉर्ड करून ठेवायचो. दर शनिवारी एक निवृत्त कृषी अधिकारी दुकानात येऊन उत्तरं सांगायचे आणि मग प्रश्न-उत्तर दोन्ही साइटवर चढवायचो. साहेबांनी सांगितल्याशिवाय एकही उत्तर जायचं नाही, हा माझा नियम. टायपिंगवाल्यानं डॉक्टरकी करू नये, असं मी ठणकावून सांगायचो. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

साइट हलवायची म्हणजे आधी सगळ्याची नक्कल काढावी लागते. कधी न उघडलेले फोल्डरही उघडावे लागतात. त्यात एक फोल्डर निघालं, उत्तर न दिलेल्या प्रश्नांचं. लोकांना ते कधी दिसलंच नव्हतं. एका पावसाळ्यात साहेब लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाऊन राहिले होते, तेव्हाचे बरेचसे प्रश्न त्यात होते. ते परत आले तोवर नवे प्रश्न साठले आणि जुने मागे पडले. सात-आठ प्रश्न ऐकून मी ठरवलं, हे न्यायचं नाही. शिळ्या प्रश्नांना नव्या जागेत कशाला कोंबायचं?

साइटवर मी सूचना टाकली होती की महिनाअखेरीस जुनी जागा बंद होईल, कुणाला स्वतःचं रेकॉर्डिंग हवं असेल तर कळवा. कुणी मागेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी एका बाईचा फोन आला.

"भाऊ, मी वरवट बकालहून बोलून राह्यली. पोरीनं मोबाइलवर वाचलं तुमचं. तिच्या बाबाचा आवाज पाहिजे मले. तुमच्या साइटवर लय पाह्यला, सापडला नाही."

मी विचारलं, "त्यांनी काय विचारलं होतं?"

"दोन औषधं एका पंपात टाकून मारू का, असं इचारलं होतं. मी बाजूलेच होती. मंग फवारतानाच त्याईले चक्कर आली. दवाखान्यात तीन दिस काढले, घरी आलेच नाही."

मी शोधतो म्हणालो आणि तिला गुरुवारी बोलावलं. शोधायचं काहीच नव्हतं. तो प्रश्न मी त्याच दुपारी ऐकला होता आणि तो माझ्या 'न्यायचं नाही'च्या यादीत होता.

गुरुवारपर्यंत मी अस्वस्थ होतो. आवाज तिला द्यायचा, यात शंका नव्हती. पण तिनं उत्तराचं विचारलं तर? साइट हलवताना चार फायली इकडच्या तिकडे होतातच. उत्तर होतं, पण हलवाहलवीत गेलं, असं म्हटलं तर खुद्द साहेबांनाही ते खोटं ओळखू आलं नसतं. आणि खरी गोष्ट अशी की ते उत्तर मला प्रश्न आला त्या दिवशीही ठाऊक होतं. एकत्र करू नका, एवढंच. साहेबांनी पन्नास वेळा तेच सांगितलेलं मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. मी उलट फोन करून ते सांगितलं नाही, कारण माझा नियम होता. त्या नियमाची मला लाज वाटली, आजही वाटते.

ती एकटीच आली, एसटी बदलून, दुपारच्या उन्हात. पाणी प्यायली आणि पदरानं कपाळ पुसून समोर बसली. मी फाइल लावली.

"वरवट बकाल. पऱ्हाटीवर अळी हाये अन् पांढरी माशी बी हाये. दोन्हीचं औषध एकाच पंपात टाकलं तं चालन का? जरा लवकर सांगा."

मागून एका बाईचा आवाज येत होता, चहा थंड होतोय म्हणून. तो हिचाच होता. तिनं ते दोनदा ऐकलं. रडली नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग तुमी काय सांगतलं त्याईले?"

खोटं ओठांवर तयार होतं.

"काहीच नाही," मी म्हणालो. "उत्तर दिलंच नाही आम्ही. मला माहीत होतं, तरी दिलं नाही."

ती शिव्या देईल, निदान उठून जाईल असं मला वाटलं. ती तशीच बसून राहिली.

"चार दिस वाट पाह्यली त्याईनं. मीच मांगं लागली, काऊन थांबता, अळी थांबते का तुमच्यासाठी? मले वाटे, तुमी नको म्हणलं असन अन् माह्यापायी त्याईनं तुमचं आयकलं नसन. इतके वर्स मी हेच घेऊन बसली, भाऊ. पोरीले बी कधी सांगतलं नाही."

मी हात जोडले, तिनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आवाज तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. निघताना ती दारात थांबली.

"हा सवाल नव्या जागी नेसान का?"

"हो, नेतो."

"मंग त्याच्याखाली जबाब बी लिहा. दुसरं कोणी इचारन."

मी तिच्यासमोरच बसलो आणि लिहिलं: दोन औषधं एका पंपात एकत्र करू नका. लिहायला एक मिनिटही लागलं नाही.