डायनामोपुढचं गाऱ्हाणं
तापलेल्या इंजिनाच्या तेलाचा वास आला की मला रत्नागिरीची ती भातगिरणी आठवते. चौथीतून शाळा सोडून मी पोटासाठी घाटावरून तिथे आलो होतो, आणि इंजिन सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला काम शिकवलं, घरच्या पेजेत वाटेकरी केलं. पुढे गिरणीचा डायनामो शहराच्या विजेच्या तारांना जोडायचं ठरलं. जोडणीच्या खटक्यावर दोन दिवे लावले होते. ते मंद होत पुरते विझले की त्याच क्षणी खटका ओढायचा, क्षण चुकला तर यंत्र मोडणार. मिस्त्रींना ते दिवे दिसतच नव्हते. त्यांच्या मोतीबिंदूचं फक्त मला ठाऊक होतं. गिरणीमालक शेठना कळतं तर त्यांची नोकरी गेली असती. मी त्यांना खेटून उभा राहिलो. दिवे विझले तसा पुटपुटलो, "आता, मिस्त्री!" खटका बसला, यंत्र शांतपणे फिरत राहिलं. "हात अजून तरणा आहे हो तुमचा," शेठ हसले. मग डायनामोपुढे नारळ ठेवून मिस्त्रींनी कोकणातल्या रीतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आज तारा जुळवून दिल्यास." "होय महाराजा," सगळे म्हणाले. "माझे डोळे गेले, महाराजा. आज खटका ओढला तो ह्या परमुलखातल्या पोराच्या नजरेनं. माझी जागा आता त्याला दे." सवयीने सगळ्यांच्या तोंडून निघालं, "होय महाराजा." शेठच्याही. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री गिरणीत आले नाहीत. त्यांच्या उपकारावर माझा संसार उभा राहिला; पण त्यांना घरी बसवणाऱ्या त्या होकारात माझाही आवाज होता.