चार नंबरचा बेंजो

माझी जीभ तिखट आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता. आमच्या ग्रुपवर रविवारी मतदान सुरू झालं की लोक आधी माझा शेरा काय येतोय ते बघायचे आणि मग मत द्यायचे. निदान मला तरी तसं वाटायचं.

ग्रुप कसला ते आधी सांगते. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला उशिरा पोचलं तर कोणी काही म्हणत नाही, पण हळदीला गेलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आणि हळद म्हणजे बेंजो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मांडीवर मावेल एवढी लांबट पेटी, तिच्यावर तारा ताणलेल्या आणि जुन्या टाइपरायटरला असायची तशी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या छोट्या पट्टीने तारा छेडायच्या. सोबत ढोल, ताशा, पॅड असा सगळा ताफा असतो, पण मध्येच कधीतरी मास्तर हात वर करतो, बाकी सगळं थांबतं आणि एकटा बेंजो वाजू लागतो. तो सोलो. नाचणाऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहतात आणि मोबाईल वर होतात.

हे मोबाईलमधले सोलो एकमेकांना पाठवायचे आणि कुठला भारी ते मतांनी ठरवायचं, एवढंच आमच्या ग्रुपचं काम. पूर्णा, वळ, राहनाळ अशा भिवंडीच्या आसपासच्या गावांतून माणसं जमली होती. ग्रुप चालवायचे एक चाचा. भिवंडीत त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाप कापडाच्या लूमवर कामाला होता, त्यामुळे लहानपणापासून खटखटाटात वाढलेले, आणि तरी कान असा की मी मी म्हणणारे गप्प बसावेत. सुरुवातीला आम्ही व्हिडिओ टाकायचो. वळवाले वळच्या बेंजोला मत देणार, पूर्णावाले पूर्णाच्या. मग वाद, मग शिव्या, आणि एकदा तर दोघांनी एकमेकांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा चाचांनी नियम काढला. क्लिप फक्त त्यांना पाठवायची. ते चित्र काढून टाकणार, माईकवर कोणी बँडचं नाव पुकारलं असेल तर तेवढं कापणार आणि नुसता आवाज नंबर घालून ग्रुपवर टाकणार. "कान से मत द्या, आँख से नहीं," असं ते म्हणायचे.

माझा नवरा मला हसायचा. मी वळच्या एका गोडाऊनमध्ये रिटर्न आलेला माल तपासते. लोकांनी परत पाठवलेले मिक्सर, चपला, साड्या, त्यात काय खोट आहे ते शोधायचं आणि त्याप्रमाणे बाजूला लावायचं. तो म्हणायचा, हिची ड्युटी रविवारीपण सुटत नाही, तिथे माल तपासते आणि इथे माणसं.

माझा दादा बेंजो वाजवायचा. आमच्या पट्ट्यात त्याला मागणी होती. त्याची क्लिप ग्रुपवर आली की मी पहिल्या दोन सुरांत ओळखायचे आणि त्या रविवारी मत द्यायचे नाही. घरी मात्र सोडायचे नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून, कुठे घाई केलीस, कुठे उगाच लांबवलंस, सगळं सांगायचे. तो ऐकून घ्यायचा. मला तो बाय म्हणतो. कधीकधी म्हणायचा, "बाय, तुना बँडमदी घेतो, नुसती शिव्या द्याला."

गेल्या शिमग्यानंतर त्याच्या टेम्पोचा मागचा लोखंडी फाळका निसटला आणि त्याच्या डाव्या हातावर पडला. बोटं राहिली, एवढं नशीब. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नीट वळेना. टेम्पो चालवायला तो लागला, बेंजो मात्र कपाटावर गेला. बँडच्या मास्तरने त्याच्या जागी दुसरा एक जण घेतला, पण माणूस चांगला, म्हणाला, "तुळशीच्या लग्नापर्यंत मना सांग. तू येत असशील तर जागा तुझीच." तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतात. दादा ज्याला त्याला म्हणायचा, बघू. तो पुन्हा वाजवणार की नाही, हा एकच विषय आमच्या घरात सगळ्यांच्या मनात होता आणि त्याच्यासमोर कोणी काढत नव्हतं.

हाताला लागल्यानंतर गणपतीत त्याने घरच्यांसमोर पहिल्यांदा बेंजो काढला. मी नव्हते. सणासुदीला गोडाऊनमध्ये सेलचा माल, सुट्टी नाही. वहिनीने फोनवर सांगितलं, "वाजवलं थोडं. सगले छान बोलले. पन ह्यो गप बसला नि उचलून ठेवलं."

दसऱ्यानंतरच्या एका रविवारची ही गोष्ट. हंगाम नसताना चाचा लोकांच्या रियाजाच्या क्लिपा टाकतात. त्या दिवशी माझी ड्युटी होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, कानात इयरफोन घातला आणि ऐकू लागले. दोन नंबर फक्कड होता. चार नंबर लागला आणि मला हसूच आलं. सूर बरोबर, पण बोटं पोचता पोचत नव्हती. मी एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने लिहिलं: "चार नंबरची बोटं चपला घालून चालतायत. वरच्या सुराला पोचेपर्यंत हळद वाळून जाईल. ज्या बोटाला जमत नाही त्याला घरी बसवा आणि दुसऱ्याला कामाला लावा."

हसण्याचे चेहरे नुसते बदाबदा आले. कोणी लिहिलं, ताईंनी पार धुतलं. मी मोबाईल उलटा ठेवून जेवले आणि मनातल्या मनात तेच वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. चार नंबर सगळ्यात शेवटी आला.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. तिचा आवाज रडून बसला होता. "ते तुझ्या दादाचं होतं. माज्या फोनवरून त्यानं चाचाला पाठवलं. कोनाला सांगू नको बोलला. तू काय लिवलंस, बाय?"

वहिनी पुढे म्हणाली, "त्यानं वाचलं. काय बोलला न्हाय. तू ये नि त्याच्याशी कायतरी गोड बोल. मी तुना सांगितलं ते सांगू नको."

त्या आठवड्यात मी ती क्लिप किती वेळा ऐकली असेन, देव जाणे. बसमध्ये, पोळ्या लाटताना, बाथरूममध्ये. दादाला त्यात शोधत होते. माझा सख्खा भाऊ, ज्याचा हात मी दोन सुरांत ओळखते म्हणून मिरवत होते, तो काही केल्या मला त्यात सापडेना. आणि लिहिलं काय, तर घरी बसवा. ज्या माणसाची बोटं फाळक्याखाली गेली त्याला मी हे लिहिलं होतं, तेही तोंडात भाकरीचा घास असताना. मला माझीच लाज वाटत होती. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याच्यावर खेकसले.

शेरा पुसायची वेळ टळून गेली होती. मी चाचांना फोन केला आणि सांगितलं, तेवढं काढून टाका.

चाचा म्हणाले, "बेटा, जो लिखा वो सच था या झूठ?"

"खरं होतं."

"तो रहने दो. ज्याने पाठवली त्याला खरंच पाहिजे असेल, इसीलिए तो बिना नाम के भेजा."

मला त्यांचा राग आला. चाचांचं काय जातंय, भाऊ माझा आहे, असं मनात म्हणून मी फोन ठेवला. आज वाटतं, तिथेच जरा थांबायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी सुट्टी काढून पूर्णाला माहेरी गेले. दादासाठी खारी आणि मिठाई असं बरंच काही घेतलं होतं. कधी नव्हे ते हातात एवढं सामान बघून तो म्हणाला, "काय गं, कोनाचं लगीन ठरलं क?" तो खुशीत होता. मी तर तोंड पाडून बसलेला माणूस बघायच्या तयारीने गेले होते. बेंजो कपाटावरून खाली आला होता आणि पलंगावर उघडा होता, वायर स्पीकरला लावलेली.

"ग्रुपवर तू त्या चार नंबरला लय धुतलंस," तो म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

त्याला वाटत होतं मला काही ठाऊक नाही. मी म्हणाले, "अरे उगाच. मस्करीत लिवलं. एवढं काय वाईट नव्हतं ते."

"उगाच?" तो म्हणाला. "मना वाटलं बरोबर लिवलंस."

"न्हाय रे. माजं काय ऐकतोस."

तो पलंगावर मांडी घालून बसला, बेंजो जवळ ओढला आणि म्हणाला, "आयक."

तोच सोलो होता, चार नंबरचा. पण वेगळा होता. करंगळी आणि शेजारचं बोट त्याने खरंच दुमडून घरी बसवली होती, आणि त्यांचं काम मधल्या बोटाला आणि अंगठ्याला दिलं होतं. एका आठवड्यात त्याने हे कसं केलं असेल, किती वेळ घासलं असेल, याची मला कल्पना येत होती. चुकत होता, पण आता तो मला ऐकू येत होता. माझा दादा त्यात होता. फक्त वरच्या सुराला अजून किंचित उशीर होत होता आणि का होतोय तेही मला समोर दिसत होतं. पेटी त्याने पहिल्यासारखीच सरळ धरली होती. वरच्या सुरांकडचं टोक जरा आपल्याकडे कलतं घेतलं असतं, तर मधलं बोट तिथे सहज पोचलं असतं. एरवी मी त्याला वाजवता वाजवता थांबवून सांगितलं असतं.

त्याने पट्टी तारांवर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती.

मी म्हणाले, "छान."

तो वाट बघत राहिला. "आनि?"

"आनि काय? छानच. एकदम पयल्यासारखं."

"वरच्या सुराला?"

"काय न्हाय. बरोबर हाय."

त्याने मान हलवली, स्पीकर बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली. "चा घेशील ना," म्हणाला. मग टेम्पोच्या, पोरांच्या, गावातल्या नव्या गोडाऊनच्या गप्पा झाल्या. वहिनीने निघताना माझा हात दाबला. राहनाळला आमच्याकडे परत येताना मला हलकं वाटत होतं. घरी आल्याबरोबर नवऱ्याला सांगून टाकलं की दादा यंदा वाजवणार.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये वहिनीचा फोन आला. दादाने मास्तरला नाही म्हणून कळवलं होतं. म्हणाला, जागा भरून टाक, माझी वाट बघू नको.

मी विचारलं, "पन का? काल तर एवढा खुशीत होता."

वहिनी म्हणाली, "मी पन इचारलं. बोलला, चार नंबरला शिव्या पडल्या तवा बरं वाटलेलं. वाटलं, सुधरवन्यासारखं अजून कायतरी हाय. गनपतीपासून सगले छान छानच बोलतायत. एक बाय उरली होती, ती पन छान बोलली."

समोर रिटर्नच्या मालाचा ढीग तसाच होता. सुपरवायझरला सांगून मी बाहेर गेले आणि गेटपाशी उभी राहून दादाला फोन लावला. तो टेम्पोत होता. मी धडाधड बोलत सुटले. पेटीचं वरचं टोक आपल्याकडे कलतं धर, मधलं बोट पोचेल, काल मला दिसलं होतं, बोलले नाही, बाकी सगळं बसतंय, एवढंच राहिलंय. त्याने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "तुना वयनीनं सांगितलं ना, चार नंबर मी होतो म्हनून?"

मी हो म्हणाले.

"आनि आता मास्तरचं पन सांगितलं."

"हो."

"मंग जाऊ दे, बाय," तो म्हणाला. "आता तू मना बरं वाटाला म्हनून बोलतेस, का खरं बोलतेस, ते मी कसं वलखू?"